पोलंडच्या मतदानात जुनी साम्राज्यं दिसतात, पण कशी?

नमस्कार मंडळी! पोलंडमध्ये निवडणूक झाली की मतदानावर जुन्या साम्राज्यांची सरहद्द ठेवून दाखवणारा तो नकाशा फिरायला लागतो, आणि कमेंटमध्ये "यावर बोला ना" सुरू होतं. तर बोलूया.

इतिहास भराभर. 1772, 1793 आणि 1795 साली प्रशिया (जर्मन राज्य, पुढे जर्मनीचा भाग), रशिया, ऑस्ट्रियाने पोलंड वाटून घेतला. 1918 मध्ये देश पुन्हा उभा राहिला. 2020 मध्ये आंद्झेई दुडा साधारण 51 टक्के मतांनी पुन्हा अध्यक्ष झाले. त्यांचा जोर पूर्वेला आणि आग्नेयेला, प्रतिस्पर्धी त्शास्कोव्स्कींचा पश्चिमेला आणि उत्तरेला. त्या नकाशावर जर्मनीची 1918 पूर्वीची सरहद्द ठेवा, बरीचशी जुळते.

आणि लगेच कमेंट येते, "जर्मन शिस्त रक्तातच असते." अहो, कुणाच्या रक्तात? व्रोत्सवाफ, श्चेचिन ही पश्चिमेची शहरं 1945 पर्यंत जर्मनीत होती, आणि तिथले बहुतेक जर्मन त्यानंतर हाकलले गेले! त्यांच्या रिकाम्या घरांत पोलिश कुटुंबं आली. काही मध्य पोलंडमधून, तर काही ल्विवकडून (आज युक्रेनमध्ये), म्हणजे एकेकाळी ऑस्ट्रियाच्या राज्यात असलेल्या गॅलिशिया प्रांतातून.

दुसऱ्या बाजूने बघा. त्याच ऑस्ट्रियन गॅलिशियातला, आज आग्नेय पोलंडमध्ये असलेला झेशुफचा भाग. तिथली माणसं जागेवरच राहिली: लहान लहान शेतं, पिढ्यानपिढ्या तेच चर्च, तेच शेजारी. तो दुडांचा बालेकिल्ला. मुळं गॅलिशियातलीच, पण उठून पश्चिमेला गेलेल्यांच्या मुलुखाचा कौल वेगळा. मग रक्त कुठे राहिलं?

मला हे फार खटकतं, म्हणून पुन्हा सांगतो: सरहद्द मत देत नाही. पश्चिमेला गेलेल्यांची जुनी गावं तुटली, शेजार नवा, जमिनीचा मोठा भाग सरकारी शेतीफार्ममध्ये. मागे उरलं ते जर्मनांचं दाट रेल्वेजाळं. रेल्वेचा नकाशा उघडून बघा, जुनी सरहद्द आजही डोळ्यांना दिसते.

पश्चिमेचंच पोझनान शहर मात्र वेगळं. तिथले पोलिश लोक प्रशियाच्या राज्यातही तिथेच होते, त्यामुळे सलग वारशाचं बोलायचं तर तिथे बोला.

"मग वॉर्साचं काय?" 1815 नंतर रशियाच्या ताब्यात गेलेलं शहर, तरी त्शास्कोव्स्की तिथे सहज पुढे, शिवाय तिथले महापौरही तेच. तिथे शहर आणि खेडं हा फरक सरहद्दीवर मात करतो.

रोमेनियाबद्दलही खूप जण विचारताय. ट्रान्सिल्व्हेनिया पहिल्या महायुद्धापर्यंत हंगेरीच्या राज्यात होता, आणि 2014 च्या अध्यक्षीय निवडणुकीत योहानिसना तिथून भरघोस मतं पडली. पण तिथले बहुतेक रोमेनियन जागेवरच राहिले, त्यामुळे पोलंडचं गणित तिथे लागू होत नाही. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.