हरलेल्याने दिलेला बिल्ला

नमस्कार मंडळी. मी नाण्यांचा माणूस. त्यामुळे पत्रिकेवर ‘पोकेमॉनचे बिल्ले’ असं वाचून दोघातिघांनी फोन करून विचारलं, छपाईत काही गडबड झाली का? गडबड नाही. आणि नाणी येतीलच मध्ये, त्यांच्यावाचून माझं घर चालत नाही. पुढच्या रांगेतले काका नातवंडांना घेऊन आलेत. ती मला मध्येच दुरुस्त करणार, याची मी तयारी ठेवली आहे.

ज्यांना पोकेमॉन म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं. २७ फेब्रुवारी १९९६ला जपानमध्ये गेम बॉय नावाच्या, हातात मावणाऱ्या यंत्रावर ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ असे दोन खेळ आले. ते रचणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत हिंडायचे. तोच नाद खेळात उतरला. रानात फिरायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, झुंजीला उतरवायचे. गावोगावी जिम असते. जिम म्हणजे कॉलेज रोडवरची ट्रेडमिलवाली नव्हे, आपली तालीम समजा. आत पठ्ठे उभे, शेवटी वस्ताद. त्या वस्तादाला हरवलं की तो आपल्या हाताने तुम्हाला एक बिल्ला देतो. कांटो नावाच्या मुलखात असे आठ बिल्ले.

बिल्ल्यांचे आकार बघण्यासारखे आहेत. पहिला दगडांच्या वस्तादाचा, ब्रॉकचा. करडा, अष्टकोनी, ‘बोल्डर’. मिस्टीचा निळा थेंब, एरिकाचं सप्तरंगी फूल, कोगाचं गुलाबी बदाम, ब्लेनची ज्वाळा. पण गेम बॉयच्या पडद्यावर रंग नव्हतेच, चार छटा तेवढ्या. म्हणून आकारच असे हवे होते की एवढ्याशा चौकोनात नुसत्या रेषेवरून ओळखू यावेत. नाणी पाडणाऱ्याची अडचण वेगळी काय असते? बोटाच्या पेराएवढी जागा, तीत राजा पण बसवायचा आणि देव पण.

आता मला जे सांगायचंय त्याकडे येतो. हा बिल्ला पदक आहे असं सगळे धरून चालतात. पदक भिंतीवर टांगतात आणि विसरतात. पोकेमॉनचा बिल्ला तसा नाही. तो आपल्या रिक्षावाल्याच्या बॅचसारखा आहे. रिक्षा चालवता येणं वेगळं आणि ‘बॅच काढला का?’ हा प्रश्न वेगळा. या खेळात तुमच्या प्राण्याला झाड कापायची विद्या येत असते, झुंजीत तो ती बिनधास्त वापरतो. पण वाटेतलं झुडूप कापायचं म्हटलं की मिस्टीचा बिल्ला लागतो. अंधाऱ्या गुहेत उजेड पाडायचा तर ब्रॉकचा. पाठीवर बसून उडायचं तर सर्जचा. पाण्यावरून जायचं तर कोगाचा. अंगात कला आहे, पण परवाना नाही. आर.टी.ओ.च्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

याहून मजेची गोष्ट आज्ञेची. मित्राकडून अदलाबदलीत घेतलेला प्राणी तुमचं ऐकेलच असं नाही. हाक मारली तर पाठ फिरवतो, झुंज चालू असताना झोपून जातो. मिस्टीचा बिल्ला असेल तर तिसाव्या लेव्हलपर्यंतचे ऐकतात, एरिकाचा असेल तर पन्नास, सब्रिनाचा मिळाला की सत्तर, आणि शेवटचा ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी, बिल्ला आला की सगळेच. थोडक्यात, दुसऱ्याने वाढवलेलं पोर तुमच्या शब्दाला मान कधी देणार, याचा हिशोब बिल्ल्यांवर. सासरी आलेल्या सुनेला हा हिशोब उलट्या बाजूने ठाऊक असतो. असो.

शेवटच्या स्पर्धेकडे, म्हणजे लीगकडे, जाणाऱ्या वाटेवर पहारेकरी उभे. एकेक बिल्ला बघून सोडतात. आठातला एक जरी नसला तरी मागे फिरा.

हा परवाना कोण देतं बघा. सरकार नाही, पंच नाही, आयोजक नाहीत. जो हरला तो देतो. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांत लहान पोरांची कुस्ती रेवड्यांवर लागते, मोठ्यांना फेटा, रोख, चांदीची गदा. पण ती यात्रा कमिटी देते. हरलेला मल्ल अंगाची माती झटकत बाजूला होतो, त्याला कोणी विचारत नाही. पोकेमॉनमध्ये बिल्ल्याची किंमत हरलेल्याच्या शब्दावर उभी आहे. याने मला हरवलं, हे मीच सांगतो, असा तो पुरावा आहे.

आठवा वस्ताद जिओव्हानी तर चोरांच्या टोळीचा म्होरक्या आहे. त्याचं जिम अगदी सुरुवातीच्या गावात लागतं, पण दार बंद असतं. सात बिल्ले झाल्यावर उघडतं. अख्ख्या खेळभर ज्याची माणसं तुम्हाला लुबाडायला बघतात, तोसुद्धा हरल्यावर बिल्ला मुकाट्याने हातावर ठेवतो आणि टोळी मोडल्याचं सांगतो. हा माणूस बिल्ला नाकारत नाही, हे मला आजही नवल वाटतं.

टीव्हीवरच्या मालिकेने तर याची टोकाची गंमत केली. आमच्या पिढीला पोकेमॉन भेटलं ते २००३ पासून कार्टून नेटवर्कवर, हिंदी बोलणारं. त्यातला नायक ॲश पहिल्या आठातले चार बिल्ले धड कुस्ती मारून मिळवतच नाही. ब्रॉकशी लढताना आग लागून पाण्याचे फवारे सुटतात, ब्रॉकचा दगडी साप भिजून लुळा पडतो, आणि ॲश अशा वेळी वार करायला नकार देतो. ब्रॉक नंतर मागून येऊन त्याला बिल्ला देतो. एरिकाच्या जिमला आग लागते, ॲश तिच्या प्राण्याला वाचवतो, म्हणून बिल्ला. सब्रिना कधी हसत नसते, ती एका भुताच्या चाळ्यांनी हसते, म्हणून बिल्ला. आम्ही पोरं चिडायचो, ‘फुकटचे मिळाले!’ आता वाटतं, मालिकेने नियम मोडला नव्हता. द्यायचा अधिकार वस्तादाचा होता, त्याने दिला. पण परवान्याचा दुसरा अर्धा भाग मालिकेने सोडला नाही. ॲशचा आग ओकणारा प्राणी चॅरिझार्ड आठ बिल्ल्यांनंतरही ऐकायचा नाही. लीगच्या मोठ्या सामन्यात तो लढायचाच नाही म्हणून ॲश हरला.

आता नाणी. सांगितलं होतं, येतील म्हणून. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १९०६मध्ये नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. खाली नहपानाचा चेहरा, वर चैत्य आणि उज्जैनचं चिन्ह. काही नाण्यांवर तर त्याच्या नाका-डोळ्यावरूनच शिक्का गेलाय. नहपानाच्या जावयाची, उषवदाताची लेणी आणि गौतमीपुत्राच्या आईचा, बलश्रीचा लेख, दोन्ही पांडवलेण्यांच्या एकाच डोंगरात आहेत. रविवारी बघून या.

जगातले बहुतेक विजय असे आहेत. हरलेल्याचा चेहरा असतो, पण त्याची संमती नसते. जोगलटेंभीचं नाणं जिंकलेला बोलतो, ब्रॉकचा बिल्ला हरलेला बोलतो. दोन्ही धातूचेच.

पुढच्या खेळांत बिल्ले बदलत गेले, त्यावर फार थांबत नाही. २००६च्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये ते पडद्यावर बोटाने घासून चकचकीत करता यायचे, आणि घासले नाहीत की मळायचे. देव्हाऱ्यातली पितळी घासणाऱ्या माझ्या आईला ते एकदम पटलं होतं. २०१६च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये जिमच काढून टाकले आणि वाटेतली झुडपं कापायला ती विद्या लागायची, तीही गरज गेली. परवाना लागेल असं कामच उरलं नाही, तर परवाना कशाला? २०१९च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये जिम होते, तेव्हा बिल्ले जोडून एक गोल चकती व्हायची. देखणी आहे. पण मला ते पझल वाटतं.

आता हा डबा. सिडकोत आमच्या गल्लीत मी सोडून आठ पोरं, प्रत्येकजण एका जिमचा वस्ताद. बिल्ले सोड्याच्या बाटलीच्या झाकणांचे, दगडाने चपटे केलेले, वर ताईच्या नेलपॉलिशने रंगवलेले. झुंज म्हणजे चिप्सच्या पुडीत निघालेल्या टाझो नावाच्या चकत्यांची. मी सात जिंकले. आठवा वस्ताद आमच्याहून तीन वर्षांनी मोठा. त्यालाही हरवलं, सगळ्यांसमोर, गॅसच्या टाक्या ठेवायच्या ओट्यावर. तो म्हणाला, “हरलोय ना, मान्य. पण देणार नाही.” आणि झाकण खिशात घालून जेवायला गेला. आम्ही सगळे तिथेच उभे. मी जिंकलोय की नाही यावर दुपारभर भांडण झालं, आणि ते मिटलं नाही.

डबा पुढच्या रांगेपासून फिरवतो. हात लावून बघा, नेलपॉलिश खरवडू नका. मागपर्यंत गेला की इकडे पाठवा. सात आहेत, मी मोजून घेणार आहे.