आधी उतार, मग चढ

नमस्कार श्रोतेहो. डोंगर चढणाऱ्याची एक सोय असते. दम लागला की मागे फिरायचं, पुढची सगळी वाट उताराची. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून खाली जाणारी साउथ कायबाब पायवाट ही सोय काढून घेते. इथं ताज्या पायांनी उतरायचं आणि थकलेल्या पायांनी चढायचं. तेव्हा एका दिवसात जाऊन यायचं असेल, तर कुठून परत फिरायचं हे वर काठावरच ठरवा. खाली गेल्यावर ते ठरत नाही, कारण उतारावर प्रत्येक वळणाला मन ‘अजून थोडं’ म्हणतं.

वाट सुरू होते साधारण 7,260 फुटांवर. पहिलीच नागमोडी वळणं उभ्या कड्यात खोदलेली आहेत. ती संपली की वाट एका सोंडेवर येते, आणि मग बराच वेळ दोन्ही अंगांना नुसती दरी. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी हे आधीच जाणून असावं. तशी वाट चांगली रुंद आहे, पण कठडे नाहीत.

सोंडेवरून वाट का नेली, याची गोष्ट मजेशीर आहे. काठावरून उतरणाऱ्या बहुतेक जुन्या वाटा खडकातल्या भेगांच्या, ओढ्यांच्या आधारानं जातात. त्यातली ब्राइट एंजल ही वाट राल्फ कॅमेरॉन नावाच्या राजकारण्यानं खाणींचे दावे लावून ताब्यात ठेवली होती, आणि तिथं तो टोल घ्यायचा. त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा राष्ट्रीय उद्यानानं 1924-25 मध्ये सुरुंग लावून स्वतःचीच वाट खोदली. ती नैसर्गिक भेगेतून नाही, धारेवरून गेली. त्यामुळे देखावा दोन्हीकडे मोकळा, पण सावली जवळजवळ नाही आणि पाण्याचा थेंब नाही. पुढं 1928 मध्ये तळाशी कोलोरॅडो नदीवर झुलता पूल झाला. त्याची टनभराहून जड एकेक मुख्य केबल हवासुपाई जमातीच्या 42 माणसांनी रांगेत खांद्यावर घेऊन खाली उतरवली. आपल्या पाठीवरची पिशवी कुरकुरायला लागली, की ही माणसं आठवावीत.

आता वाटेवरचे टप्पे. ऊ आह पॉइंट दीड किलोमीटरच्या आत येतो. सीडर रिज साधारण अडीच किलोमीटरवर, अकराशे-साडेअकराशे फूट खाली. तिथं शौचालय आहे. स्केलेटन पॉइंट पावणेपाच किलोमीटरवर, दोन हजार फूट खाली, आणि नदी पहिल्यांदा दिसते ती तिथून. माझं मत विचाराल तर उन्हाळ्यात सीडर रिज पुरे. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी वर येऊ नका, असं उद्यानाचे रेंजर स्पष्ट बजावतात. एका बाजूचीच उतरण साधारण 4,800 फुटांची आहे.

फसवतं ते ऊन. काठावर हवा गार, जंगलातली. तळाशी ती काठापेक्षा अकरा-बारा अंश सेल्सिअसनं जास्त तापलेली असते. म्हणजे आपण उतरतो तो तापत जाणाऱ्या भट्टीत, आणि चढायची वेळ येते भर दुपारी. शिवाय हवा इतकी कोरडी, की घाम अंगावर दिसतच नाही. टोपीच्या कडेला पांढरी रेघ उमटते, तेव्हा कळतं की किती मीठ गेलं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, गोंधळलेपण, पुढं फेफरंसुद्धा. म्हणून पाण्याबरोबर खारट खाणं हवंच. उन्हाळ्यात दहा ते चार या वेळात वाटेवर चालू नये. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा. उतरायला तास लागला असेल, तर परतीचे दोन तास आणि निम्म्याहून जास्त पाणी हाताशी हवं.

पायाखाली खेचरांच्या खुरांनी दळलेली लाल धूळ, मध्येमध्ये आडवे ओंडके, आणि खेचरांच्या मुताची डबकी. तो वास काही छायाचित्रांत येत नाही! खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही, आणि हाकणारा सांगेल तसं करायचं. खारी जवळ येतात, लाडिक दिसतात, पण कडकडून चावतात.

वाटेच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही. उद्यानाची बस आहे, आणि पहाटे चालणाऱ्यांसाठी वेगळी थेट बसही सुटते, तीच पकडा. बसमध्ये चढण्याआधी बाटल्या भरून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमले तर सोंडेवर विजेचा धोका असतो, तेव्हा त्याआधी वर या. हिवाळ्यात वरच्या वळणांवर बर्फ कडक होतो. त्या दिवसांत बुटांखाली लावायचे काटे पिशवीत असू द्या.