गप्प बसलेली कोंबडी शांत असतेच असं नाही

मंडळी, समोर बसलेल्यांपैकी बरेच जण लॅबमध्ये कोंबड्या हाताळतात म्हणून थेट मुद्द्यावर येतो. पकडल्यावर कोंबडी एकदम गप्प होते ना, ते बघून नवीन माणूस खूश होतो, अरे वा, शांत आहे की ही. शांत कसली, भीतीने गारठलेली असते. याला टॉनिक इमोबिलिटी म्हणतात, शिकाऱ्याच्या तावडीत सापडलं की मेल्यासारखं पडून राहायचं, आणि पक्षी जितका जास्त वेळ असा पडून राहतो तितका तो जास्त घाबरलाय असं संशोधनात धरतात.

वरून काहीतरी मोठं झपकन खाली आलं की कोंबडीच्या लेखी ती घारच. आकाशातून येणाऱ्या शिकाऱ्यासाठी तर तिची धोक्याची हाकसुद्धा वेगळी असते. आणि आपण काय करतो, तर कोपऱ्यात गाठतो, वरून हात घालतो आणि छाती आवळून धरतो. कोंबडीला आपल्यासारखा डायफ्राम, म्हणजे श्वासाचा पडदा, नसतो हो, छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते, त्यामुळे घट्ट दाबली की ती खरोखर गुदमरू शकते.

कोणी म्हणेल, दोन मिनिटांचं काम, त्यात काय एवढं. पण पक्ष्यांचं मुख्य स्ट्रेस हॉर्मोन कॉर्टिकोस्टेरॉन, ते पकडल्यापासून साधारण ३ मिनिटांत रक्तात चढायला लागतं, म्हणून तर बेसलाइन सॅम्पल, म्हणजे ताण चढण्याआधीचं रक्त, त्याच्या आत घ्यायची सगळी धडपड असते. शिवाय आतलं तापमान वाढतं आणि तुरा मात्र गार पडतो, थर्मल कॅमेऱ्यात चक्क दिसतं ते. मग तुम्ही औषधाचा परिणाम मोजताय की तुमच्या हाताचा? १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन आर मांडले, रिप्लेसमेंट (प्राण्याऐवजी दुसरा पर्याय), रिडक्शन (कमी प्राणी), रिफाइनमेंट (कमी त्रास), आणि प्रयोगाच्या अर्जात त्यातल्या तिसऱ्याच्या रकान्यात आपण 'काळजीपूर्वक हाताळणी' एवढं लिहून मोकळे होतो.

तर करायचं काय, कोंबडीला ट्रेन करायचं. सुरुवातीला फक्त क्लिक, म्हणजे हातातल्या छोट्या क्लिकरचा टक् आवाज, आणि लगेच दाणा, बाकी काही मागायचं नाही. क्लिक अशासाठी की कोंबडी एवढी चुळबुळी असते की दाणा हातातून पडेपर्यंत तिचं दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असतं, बक्षीस नेमकं कशाचं हे त्या आवाजाने कळतं. मग काडीच्या टोकाला रंगीत ठिपका लावा, तिने टोच मारली की क्लिक. ती काडीच्या मागे चालायला लागली की वजनकाट्यावर चढते, क्रेटमध्ये स्वतः शिरते, पकडायची भानगडच नाही. हाताचं नंतर, आणि हात खालून, बाजूने. आधी नुसता हात जवळ, मग पिसांना स्पर्श, मग पंख जरासा उचलायचा कारण रक्त पंखाखालच्या शिरेतून घ्यायचंय. ती निघून गेली तर जाऊ द्या, तुम्ही घाई केलीत असं समजा आणि एक पायरी मागे या.

एक सांगतो, हलू नकोस हे शिकवायच्या फंदात पडू नका. वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड, ज्यांनी प्राणी ट्रेन करण्याचा धंदाच काढला होता, त्यांनी १९६१ च्या लेखात लिहिलंय की कोंबडी काही सेकंद स्टेजवर नुसती उभी राहावी एवढंच हवं होतं, तर ती पायाने उकरतच बसायची. उकरणं तिच्या रक्तात आहे. त्यापेक्षा तिला टिपायला दाणे द्या आणि तेवढ्यात आपलं काम उरका.

बक्षीस म्हणून मीलवर्म, म्हणजे किड्यांच्या अळ्या, दिले तर कोंबड्या तुटून पडतात, पण आहारावरचा प्रयोग असेल तर ते चालणार नाहीत, तिचंच खाद्य वापरा. आणि उपाशी ठेवून ट्रेनिंग अजिबात नको, एक स्ट्रेस काढून दुसरा घातल्यासारखं होतं.

शेडभर पक्षी, वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. काटा आणि क्रेट गटाने शिकवता येतं. आणि कोंबड्यांच्या भीतीवर संशोधन करणारे ब्रायन जोन्स यांच्या कामात असं दिसलंय की दुसऱ्या पिल्लांना हाताळताना नुसतं बघणाऱ्या पिल्लांचीही माणसाची भीती कमी होते, म्हणून पिल्लं लहान असतानाच सुरू करा.

सुई मात्र दुखतेच, ती क्लिकने गोड होत नाही. दर वेळी शेवटी सुईच आली तर शिकवलेलं सगळं पाण्यात, त्यामुळे बिनसुईच्या फेऱ्या भरपूर हव्यात. आणि हो, कंट्रोल ग्रुपलाही, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या पक्ष्यांनाही, तेवढंच ट्रेनिंग द्यायचं आणि पेपरच्या मेथड्समध्ये ते लिहायचं, नाहीतर रिव्ह्यूअर पहिलं तेच विचारेल आणि त्याचं बरोबरच असेल.