धारेचा आवाज

नमस्कार श्रोतेहो. आज स्टुडिओत येताना मी दोन वस्तू घेऊन आले आहे. पुठ्ठ्यात गुंडाळलेली एक सुरी आणि पातीच्या कांद्याची एक जुडी. मायक्रोफोनजवळ पात कापते, ऐका बरं का.

(पात कापल्याचा आवाज)

ऐकलंत? कच्, कच्, कच्. पात चेंगरली नाही की तिला पाणी सुटलं नाही. हा आवाज लक्षात ठेवा.

या जपानी सुरीचं नाव सांतोकू. सांतोकू म्हणजे तीन गुण. मांस, मासे आणि भाजी, तिन्हीला चालणारी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ती तिथल्या घराघरांत रुळली. पातं साडेसहा-सात इंचांचं आणि रुंद, धार जवळजवळ सरळ, पाठ टोकाशी खाली वळलेली. चार वर्षांपूर्वी माझा पुतण्या तिकडून घेऊन आला. सासूबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, “येनावर बसानं कसं व?” जन्मभर विळीवर बसलेल्या बाईचा प्रश्न अगदी बरोबर होता. विळीवर आपण भाजी धारेकडे नेतो, इथे धार भाजीकडे न्यायची. खाली आणि जराशी पुढे ढकलायची. ढकला, करवतीसारखी घासू नका. पुन्हा सांगते, ढकला, घासू नका.

आता जे सांगायला आले, ते सांगते. ज्येष्ठाचे दिवस होते, पहिला पाऊस पडून गेला होता. लोणच्याच्या पंधरा किलो कैऱ्या घरात येऊन पडल्या आणि कैऱ्या फोडायचा मोठा अडकित्ता शेजारी गेलेला. धाकट्या जाऊबाईंनी सांतोकू घेतली, कैरीवर ठेवली आणि पाठीवर वरवंटा मारला. कोयीत पातं अडकलं, तर त्यांनी पीळ देऊन काढलं. ‘कट’ असा आवाज झाला, तो मला दुसऱ्या खोलीत ऐकू आला. धारेला तांदळाच्या कणीएवढे दोन खाचे पडले होते. या सुरीचं पोलाद कडक आणि धार बारीक, त्यामुळे ती वाकत नाही, तुटते. जाऊबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सायकलवर धार लावणारे दादा गल्लीत आले. कडुनिंबाखाली सायकल उभी केली, आमची विळी चाकावर धरली, ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत विळी तयार. मग मी सुरी पुढे केली. त्यांनी पात्यावर नख वाजवलं, कानाशी नेलं आणि चाक थांबवलं. म्हणाले, “ताई, ही चाकावर धरली तर तापंल. तापली की धार मेली. बादलीभर पाणी आणा.”

ओल्या पोत्यातून त्यांनी दोन दगड काढले, एक खरबरीत, एक गुळगुळीत. तासभर बसले, श्रोतेहो. पातं आडवं ठेवून पाठ एवढीच उचलली की खाली करंगळी मावावी. ना जास्त, ना कमी. आधी खरबरीत दगडावर खाचे घासून काढले. मला म्हणाले, डोळे मिटा आणि ऐका. सुरुवातीला खरखर, मोठी, दातावर येणारी. हळूहळू सरसर. मग रेशमी कापडावरून हात फिरवावा तसा आवाज. “दगड ओरडतो तोवर धार नाही. दगड गप झाला की बाजू बदला.” शेवटी त्यांनी कांद्याची पात मागितली, माझ्या कानाजवळ धरून कापली. कच्. मघाशी तुम्ही ऐकला तोच आवाज. त्यांचे वडील ज्वारीच्या सुगीत गावोगाव विळे परजत फिरायचे, त्यांच्याकडून हे कान आलेले. पैसे विळीचे घेतले तेवढेच घेत होते, मी बळंच जास्त दिले.

तेव्हापासून 1000 नंबरचा पाण्याचा दगड घरात आहे आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं मी तो आवाज ऐकते.

बाकी वर्षभराचं थोडक्यात. कोय नाही, हाड नाही, नारळ नाही. ध्यानात ठेवा, कोय नाही, हाड नाही, नारळ नाही. गंगाफळाच्या फाका आधी विळीवर करा, मग बारीक फोडींना ही सुरी. कांदेनवमीचे कांदे, श्रावणातली गिलकी, दोडके, सगळं हिच्यावर होतं. कच्च्या केळ्याचा चीक चिकटतो, म्हणून पात्याला तेलाचं बोट लावा. कैरी-लिंबू कापलं की लगेच धुऊन पुसा. खाली लाकडी पाट हवा. दगडी ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात कापलंत तर धार त्याच दिवशी गेली. आणि ओट्याचा विषय निघालाच आहे, तर घर बांधताना ओट्याची उंची घरातल्या बाईला विचारून ठरवा हो! गवंडी सगळ्यांना एकाच मापाचा ओटा बांधून जातो आणि पाठ आपली दुखते.

उद्या चंपाषष्ठी. चातुर्मासभर ज्यांनी वांगं खाल्लं नाही, त्यांच्या घरी उद्या भरीत आहे, तसं आमच्याही आहे. भरितात टोमॅटो घालू नका, एवढं माझं ऐका. आपल्या भरिताच्या वांग्याला त्याची गरज नाही. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि भरपूर पात. वांगी अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजायची आहेत. ही उरलेली जुडी घरी नेते, कारण जाऊबाईंनी सकाळीच सांगून ठेवलंय, पात त्याच कापणार आहेत, आणि याच सुरीनं. नमस्कार.