मणक्याचं ऑपरेशन, केळं आणि फुगा: अ‍ॅलर्जीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याआधी

नमस्कार मंडळी. मुलांच्या वाकड्या कण्यावरचा, म्हणजे स्कोलिओसिसचा व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. ‘सिस्टर, मुलीचं मणक्याचं ऑपरेशन ठरलंय, तिला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, भूल चालेल का?’ मी ऑपरेशन थिएटरमध्ये बावीस वर्षं काम करतेय. त्यामुळे आज यावरच बोलते.

आधी साधी गोष्ट उरकून टाकू. दूध प्यायल्यावर नुसतं पोट फुगतं, गॅस होतो, तर बहुतेक वेळा दुधातली साखर पचत नसते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, लगेच उलट्या होतात, दम लागतो, ती अ‍ॅलर्जी.

आता अंडं. प्रोपोफॉल नावाचं भुलेचं औषध दिसायला दुधासारखं पांढरं असतं. त्यात सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन असतं, म्हणून ही भीती पसरली. पण अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेकांना पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची असते. असल्या मुलांना हे औषध नेहमीसारखंच दिलं जातं, अमेरिकेतले अ‍ॅलर्जीतज्ज्ञही तेच सांगतात. भूलतज्ज्ञांना सांगा जरूर, पण त्या भीतीने ऑपरेशन पुढे ढकलू नका.

मला खरी काळजी वाटते ती केळ्याची. अंड्याबद्दल शंभर जण विचारतात, केळ्याबद्दल एकही नाही!

(हातमोजा दाखवत) हा रबराचा जुन्या पद्धतीचा, पावडरवाला हातमोजा. मी तो झटकते, उजेडाकडे बघा. ही पांढरी धूळ उडाली ना, ती मक्याच्या पिठाची. रबराच्या झाडाच्या चिकातली प्रथिनं तिला चिकटतात आणि हवेत पसरतात. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय सामानावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जानेवारी २०१७ पासून पावडरवाल्या हातमोज्यांवर बंदी घातली. तिथे रबराच्या अ‍ॅलर्जीचा पहिला मोठा इशारा १९९१ मध्येच दिला गेला होता.

याचा केळ्याशी काय संबंध? रबराच्या चिकातली काही प्रथिनं आणि केळं, किवी, अव्होकाडो यांतली काही प्रथिनं एकमेकांसारखी असतात. पपईचंही नाव या यादीत येतं. शरीर एकावर चिडलं की दुसऱ्यावरही चिडतं. १९९४ मध्ये स्पेनच्या डॉक्टरांनी रबराची अ‍ॅलर्जी असलेले २५ रुग्ण तपासले, त्यातल्या १३ जणांना कुठल्या ना कुठल्या खाण्याची अ‍ॅलर्जी निघाली.

आणि मणका? पाठीवर गाठ घेऊन जी बाळं जन्मतात, स्पायना बायफिडा म्हणतात त्याला, त्यांचं पहिलं ऑपरेशन बहुतेक वेळा जन्मल्यावर एक-दोन दिवसांतच होतं. मग डोक्यात शंट, म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी उतरवणारी नळी, पुन्हा पाठ, लघवीसाठी दिवसातून चार-पाच वेळा नळी. इतक्या लहानपणापासून रबराशी इतका संबंध दुसऱ्या फार थोड्या मुलांचा येतो. निरनिराळ्या अभ्यासांत या मुलांपैकी १८ पासून ७३ टक्क्यांपर्यंत मुलांच्या रक्तात किंवा त्वचेच्या चाचणीत रबराविरुद्धची खूण सापडली. खूण सापडली म्हणजे प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखा हा आकडा नाही. जिथे पहिल्या ऑपरेशनपासूनच रबर टाळलं, तिथे हे प्रमाण खूप खाली आलं.

माझ्याच हातून घडलेलं सांगते. एका रुग्णालयात नऊ वर्षांचा मुलगा दाखल झाला. स्पायना बायफिडा, कणा वाकलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. मी आईला विचारलं, ‘कशाची अ‍ॅलर्जी?’ त्या म्हणाल्या, ‘नाही.’ मी ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. संध्याकाळी वॉर्डात कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे बांधले होते. तो मुलगा मला म्हणाला, ‘सिस्टर, तो नको इकडे. फुगा फुगवला की माझे ओठ मोठे होतात.’ मी तशीच भूलतज्ज्ञांकडे धावले. ऑपरेशन पुढे ढकललं, रबराची चाचणी पॉझिटिव्ह आली, आणि नंतर रबर नसलेल्या सगळ्या सामानात ते पार पडलं. ती आई खोटं बोलली नव्हती. तिच्या मते अ‍ॅलर्जी म्हणजे औषधाची. प्रश्न मी चुकीचा विचारला होता.

आणि अजूनही सगळीकडे तसाच विचारतात, याचा मला राग येतो. ‘अ‍ॅलर्जी: आहे / नाही.’ अरे, आईने काय लिहायचं त्यात? विचारा ना, फुगा फुगवल्यावर काय होतं? केळं खाल्ल्यावर तोंडाला खाज येते का? दातांच्या डॉक्टरांनी हातमोजे घालून तोंडात बोट घातलं तेव्हा ओठ सुजले होते का?

घरी हेच ‘नखरे’ म्हणून खपतं. मागे एका ताईंनी लिहिलं होतं, ‘आमचा केळ्याला हातच लावत नाही, लाडावलाय.’ लाडावलाही असेल. पण एकदा शांतपणे विचारा, का नको? ‘घशात टोचतं’ असं म्हणाला तर ते भूलतज्ज्ञांच्या कानावर गेलंच पाहिजे.

आता टेबलावरून बघा. मणक्याच्या ऑपरेशनला मूल पालथं असतं, अंगभर कापड, वर भूल. खाज येतेय हे ते सांगणार कसं? गांधी उठल्या तरी कापडाखाली कुणाला दिसणार? भुलेच्या औषधांची रिअ‍ॅक्शन बहुतेक वेळा सुरुवातीच्या काही मिनिटांत येते. रबराची बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासाने, काम ऐन भरात असताना. रक्तदाब उतरतो, आणि मणक्याच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्रावानेही तो उतरतो, म्हणजे आधी शंका रक्तस्रावाचीच येते. तिथली मिनिटं फार मोलाची असतात हो.

जिलेटीनचंही तसंच. हाडातून झिरपणारं रक्त थांबवायला गाईच्या किंवा डुकराच्या जिलेटीनचा स्पंज वापरतात. त्यामुळे मणक्याच्या ऑपरेशनमध्ये मुलांना तीव्र रिअ‍ॅक्शन आल्याच्या नोंदी आहेत. गमी, मार्शमेलो आणि काही लसींतही जिलेटीन असतं, म्हणून ते खाऊन किंवा एखादी लस घेतल्यावर अंगावर उठलं असेल तर सांगा. आपला चायना ग्रास शेवाळापासून होतो, तो यात येत नाही.

हे ऐकून सगळ्यांची केळी बंद करू नका. आणि घरी खायला घालून ‘बघू काय होतं’ असं तर मुळीच नको.

करायचं एवढंच, एक चिठ्ठी लिहा. अशी: ‘केळं, दोनदा, दहा मिनिटांत ओठ सुजले. फुगा, एकदा, तोंडाभोवती गांधी. अंडं, काही नाही.’ पदार्थ, किती वेळात, काय झालं. ती भूलतज्ज्ञांच्या हातात द्या, नुसती फाइलला लावू नका. रबराची शंका असेल तर सकाळचा पहिला नंबर मागा, तेव्हा थिएटरच्या हवेत रबराची धूळ सगळ्यात कमी असते. आणि सही करण्याआधी मुलाला स्वतःला विचारा. माझ्या त्या मुलाला फुग्याचं आधीपासून माहीत होतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.