चालक नसलेली गाडी आणि २७,८०० सिद्धता

(दृश्य: पहिल्या डब्याची पुढची काच. बोगदा अंगावर येतोय.)

पॅरिस मेट्रोची १४ नंबरची लाईन. काचेला नाक लावून तो मुलगा उभा आहे ना, तिथे एरवी मोटरमनची केबिन असते. इथे केबिनच नाही. १५ ऑक्टोबर १९९८ ला ही लाईन सुरू झाली, तीच चालकाविना.

(दृश्य: फलाटावरची काचेची दारं. गाडी थांबते. दारं उघडतात.)

दारांकडे बघा. गाडी पूर्ण थांबली, दारासमोर दार आलं, मगच उघडलं. हे सॉफ्टवेअर ठरवतं. त्याच्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा? आपलं ठरलेलं उत्तर: ‘टेस्टिंग केलंय की!’ पण टेस्टिंग म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. प्रोग्रॅममध्ये कच्चं शीत एकच असतं, आणि ते नेमकं तळाशी.

(दृश्य: फळा. खडूने काढलेला त्रिकोण.)

शाळेतली भूमिती आठवा. पक्ष, साध्य, सिद्धता. दहा त्रिकोण कोनमापकाने मोजून ‘बेरीज १८० अंश, म्हणून सिद्ध’ असं लिहिलं असतं, तर सरांनी भोपळा दिला असता.

फ्रेंच संगणकतज्ज्ञ ज्याँ-रेमों आब्रियाल यांची ‘बी’ पद्धत सरांच्याच बाजूची. आधी कोड नाही. आधी अट, गणिताच्या भाषेत. समजा, ‘गाडी हलत असेल तर दार बंद’. हा इन्व्हेरियंट. काहीही झालं तरी तो मोडता कामा नये. मग या ढोबळ मांडणीत तपशील भरत एकेक पायरी खाली उतरायचं, आणि वरच्या पायरीला दिलेला शब्द पाळलाय हे दर पायरीला सिद्ध करायचं. शेवटची पायरी इतकी बारीक, की तिथून आडा या प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड यंत्रच काढून देतं.

(दृश्य: स्क्रीनवर सिद्धतांची लांबलचक यादी. एका ओळीवर अडलेला कर्सर.)

या लाईनचं सॉफ्टवेअर करणाऱ्या मात्रा ट्रान्सपोर्ट कंपनीच्या इंजिनिअरांनी ‘बी’मध्ये सुमारे १,१५,००० ओळी लिहिल्या. त्यातून आडाच्या ८६,००० निघाल्या. सिद्ध करायची विधानं होती सुमारे २७,८००. बहुतेक प्रूव्हरने, म्हणजे सिद्धता शोधणाऱ्या प्रोग्रॅमने, सोडवली. उरलेल्यांशी माणसं झटली, एकेक धरून. विधान अडलं की दोनच शक्यता: सिद्धता अवघड आहे, नाहीतर आपलं काहीतरी चुकलंय. चुकलं असेल तर ते टेबलावरच कळतं. गाडी अजून रुळावरही आलेली नसते. ‘बी’ने लिहिलेल्या या भागाचं युनिट टेस्टिंग, म्हणजे एकेक तुकडा सुटा तपासणं, त्यांनी केलंच नाही, आणि पुढच्या चाचण्यांत त्यात एकही चूक निघाली नाही.

(दृश्य: संध्याकाळची गर्दी. सरकते जिने.)

अटच चुकीची लिहिली तर सिद्धता काही वाचवत नाही, आणि वेळ लागतो, तो लागतोच. २०२४ मध्ये ही लाईन ओर्ली विमानतळापर्यंत पोहोचली.

(दृश्य: पुन्हा पुढची काच. मुलगा तिथेच. आई हात धरून ओढतेय. निवेदन थांबतं, दारं मिटल्याचा आवाज.)