बोअरवरची माणसं आणि क्राफ्लाची काच

नमस्कार, श्रोतेहो.

बोअर मारणारी गाडी आपल्या दारात कधी ना कधी आलेलीच असते. कंप्रेसरचा धडधडाट, पांढऱ्या धुळीचे लोट, फुटावर ठरलेला भाव, कडक खडक लागेपर्यंत घातलेला केसिंग पाइप. हे तुम्हाला माहीत आहे. जमिनीत उष्णता असते हेही वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडात पाय बुडवून आलेल्यांना सांगायला नको. आज जायचंय आइसलंडला. तिथे पाण्यासाठी नाही, वाफेसाठी बोअर मारतात, दोन-अडीच किलोमीटर खोल. वाफ वर आली की टर्बाइन फिरतं आणि वीज होते. तो भाग सोपा. अवघड आहे ते भोक.

बोअर मारणाऱ्या या यंत्रावर, म्हणजे रिगवर, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. माणसं बरीच असतात, पण तुम्ही तिघं लक्षात ठेवा.

पहिला ड्रिलर. त्याला भोकात काहीच दिसत नाही. त्याच्यासमोर असतात चार आकडे: हुकवर टांगलेल्या पाइपांचं वजन, पाइप फिरवायला लागणारा पीळ, पाइपातून खाली पाणी ढकलणाऱ्या पंपाचा दाब आणि बिट, म्हणजे खडक फोडणारं टोक, तासाला किती मीटर खाली जातंय ते. दाब अचानक उतरला तर पाइपला कुठेतरी छिद्र पडलंय, नाहीतर पाणी खडकाच्या भेगेत पळतंय. पीळ वाढला तर बाजूचा खडक ढासळून पाइपावर बसतोय. अशा वेळी नुसता जोर लावला की पाइप तुटतो. जाणता ड्रिलर पाणी चालू ठेवतो, पाइप थोडा वर उचलतो आणि फिरवत राहतो.

दुसरा, चूर पाहणारा भूवैज्ञानिक. दर दोन मीटरला तो मूठभर चूर धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. दोन किलोमीटरवरून चूर वर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे हातातला चूर आत्ताचा नसतो, मघाचा असतो. हा हिशोब चुकला की सगळी नोंदवही चुकली. हा चूरच त्याचा थर्मामीटर. क्लोराइट हे खनिज दिसू लागलं, साधारण २३० अंश. पिस्त्याच्या रंगाचं एपिडोट आलं, अडीचशेच्या आसपास. झिओलाइट दिसतायत तोवर खडक या हिशोबानं थंडच. मात्र ही खनिजं कधीकाळच्या उष्णतेची असू शकतात, खडक नंतर निवलेला असू शकतो. म्हणून पुढे थर्मामीटर खाली सोडून खात्री करावीच लागते.

हे झिओलाइट म्हणजे आपल्याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत मिळणारे पांढरे, गुलाबी स्फटिक. परदेशी संग्रहालयांत ते पुणे, नाशिक, जळगाव अशा चिठ्ठ्या लावून काचेत मांडलेले असतात, आणि इथे अजिंठा-वेरूळच्या वाटेवर घासाघीस करून विकले जातात. प्रत्येक शाळेत एक तरी हवा. आणि विषय निघालाच आहे तर, बोअर घेण्याआधी तळहातावर नारळ ठेवणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा बोअरचा चूर दर दहा फुटांना पिशवीत भरून, वर खोली लिहून ठेवा. शेजाऱ्याच्या बोअरला त्याचा उपयोग होईल. असो.

तिसरा सिमेंटवाला. पोलादी केसिंगच्या बाहेरची फट त्यानं तळापासून जमिनीपर्यंत भरायची. तळापासून जमिनीपर्यंत, पुन्हा सांगतो. दोन केसिंगांच्या मध्ये पाण्याचा कप्पा राहून गेला, तर बोअर तापल्यावर ते पाणी फुगतं, त्याला जायला जागा नसते, आणि आतला पाइप चेपतो. साधं सिमेंट ११० अंशांच्या वर ताकद गमावतं, म्हणून त्यात वजनाच्या ३५ ते ४० टक्के सिलिकाचं पीठ मिसळतात. शिवाय पोलाद वाढतं. १००० मीटर केसिंग २०० अंशांनी तापलं आणि ते मोकळं असेल, तर जवळजवळ अडीच मीटरनं लांब होईल. सिमेंट त्याला जागच्या जागी धरून ठेवतं. हे अडीच मीटर लक्षात असू द्या.

आता क्राफ्ला.

ईशान्य आइसलंडमधला हा ज्वालामुखी. १९७५ ते १९८४ या काळात तिथे नऊ उद्रेक झाले, आणि त्याच धामधुमीत शेजारी वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. १९७७च्या सप्टेंबरात तर जवळच्या नाउमाफ्यात्लला ११३८ मीटर खोल बोअरच्या तोंडातून लाव्हा उडाला. माणसं डगमगली नाहीत. आज तिथे ६० मेगावॅटचं केंद्र आहे.

२००८मध्ये याच क्राफ्लावर 'आइसलंड डीप ड्रिलिंग प्रोजेक्ट'ची पहिली बोअर सुरू झाली. भूवैज्ञानिक ग्वुदमुंदुर ओमार फ्रिदलेइव्सन आणि कॅलिफोर्नियाचे विल्फ्रेड एल्डर्स हे या कामातले म्होरके, आणि जागा लान्द्सविर्क्यून या सरकारी वीज कंपनीची. जायचं होतं साडेचार किलोमीटरवर. ३७४ अंश तापमान आणि २२१ बार दाब (आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे २२० पट) यांच्या पलीकडे पाणी ना धड पाणी राहतं ना वाफ. तसं पाणी त्यांना हवं होतं.

दोन किलोमीटर बरे गेले. २१००च्या जवळ पोचल्यावर मात्र पाइप अडकू लागला, तुटू लागला. तुटकी हत्यारं खालीच सोडली, भोकात सिमेंटचा बुंधा बसवला आणि त्याला बगल देऊन बाजूनं नवं भोक काढलं. तेही त्याच खोलीवर फसलं. पुन्हा सिमेंट, पुन्हा बगल. तिसरी खेप. खोली तीच, २१०० मीटर.

२४ जून २००९. २१०४ मीटर. बिट एकाएकी भराभर खाली जाऊ लागलं, जसं लोण्यात सुरी. त्याच वेळी पीळ इतका वाढला की पाइप फिरायचाच थांबला. कठीण खडकात पीळ वाढला तर वेग कमी होतो. इथे दोन्ही वाढले. ड्रिलरनं पाइप दहा मीटरहून अधिक वर ओढला आणि पुन्हा खाली सोडला. तो २०९५वर टेकला, आणि तिथेच अडकला.

श्रोतेहो, नीट ऐका. भोक होतं २१०४ मीटर. तळ लागला २०९५वर. तळ नऊ मीटर वर आला होता, तीन मजली घराएवढा. विहिरीचा तळ वर येतो असं कुणी ऐकलंय?

उत्तर चूर पाहणाऱ्याच्या जाळीवर आलं. खडकाऐवजी काच. गडद रंगाची, ताजी. बिट मॅग्मात शिरलं होतं, ९०० अंशांच्या पुढच्या वितळलेल्या दगडात. तो मॅग्मा भोकात वर चढला आणि पंपाच्या थंड पाण्यानं जागच्या जागी थिजून काच झाला. गंमत म्हणजे क्राफ्लाचे अलीकडचे लाव्हा काळ्या बेसाल्टचे, आणि ही काच निघाली ऱ्हायोलाइट या वेगळ्याच जातीच्या दगडाची. इतक्या वर तो मॅग्मा असेल असं कुठल्याही मोजणीनं आधी सांगितलं नव्हतं. आधीच्या दोन्ही खेपा त्याच खोलीवर का फसल्या असाव्यात, त्याचाही अंदाज आता येऊ लागला.

दुसरं कुणी असतं तर सिमेंट ओतून निघून गेलं असतं. यांनी थंड पाणी चालू ठेवलं, केसिंग उतरवलं, ते सिमेंटनं पक्कं केलं, खाली चिरा पाडलेला पाइप बसवला आणि बोअर हळूहळू तापू दिली. मार्च २०१०मध्ये व्हॉल्व्ह उघडला. ४५० अंशांची कोरडी वाफ, १४० बारपर्यंत दाब. एकट्या बोअरची ताकद अंदाजे ३६ मेगावॅट. अख्खं केंद्र ६०चं, आणि एकटी बोअर ३६ची!

पण वाफेबरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. वाफ कोरडी असेतो ते फारसं काही करत नाही. पहिला थेंब जमला की त्या थेंबात उतरून पोलाद खायला लागतं. वर सिलिकाची पांढरी भुकटी, घासायला. जुलै २०१२मध्ये मुख्य व्हॉल्व्ह निकामी झाले आणि बोअरमध्ये थंड पाणी ओतून ती बंद करावी लागली. आणि ते मघाचं अडीच मीटर आठवा. तापलेलं केसिंग सिमेंटमध्ये जखडलेलं असल्यामुळे वाढू शकलं नव्हतं, आतल्या आत दबलं होतं. झटकन निवल्यावर ते आखडलं आणि जोडांपाशी फाटलं.

हे ज्ञान आइसलंडनं कुलपात ठेवलं नाही. १९७९पासून २०१९पर्यंत रेक्याविकला संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाच्या नावानं सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालला. तिथे केनियाची बरीच माणसं शिकली, आणि आज केनियाची चाळीस टक्क्यांहून जास्त वीज जमिनीच्या वाफेवर होते.

आता इसोर या तिथल्या संस्थेच्या इंजिनिअरांनी केसिंगसाठी सरकता जोड तयार केला आहे. जुन्या रेल्वेच्या रुळांत फट सोडत, तशी जोडात आधीच थोडी जागा ठेवलेली. पाइप तापून वाढला की ती जागा भरून निघते, पाइप आतल्या आत दबत नाही, आणि निवताना जोड ओढला जात नाही. क्राफ्लावर पुन्हा, या वेळी जाणूनबुजून, मॅग्मापर्यंत उतरायची योजना आखली गेली आहे. तिथल्या केसिंगला असे जोड फार उपयोगी पडतील.

नमस्कार.